जुन्या गाडीची नाडी

गाडी जुनी झाली की घरातल्या प्रत्येकाचे तिच्याबद्दल एक मत तयार होते. मुलगा म्हणतो, विकून टाका. बायको म्हणते, अजून चालतेय ना, मग कशाला? शेजाऱ्याकडे नेहमीच एक गिऱ्हाईक तयार असते. गाडीला नेमके काय झाले आहे, हे मात्र फारसे कोणी पाहत नाही. म्हणूनच आज जुनी गाडी रोजच्या वापरात कशी सांभाळावी, कोणती छोटी कामे घरच्या घरी करावीत आणि कोणत्या कामांना हात लावू नये, याविषयी बोलू.

उदाहरण म्हणून मारुती ८०० घेऊ. ही गाडी १९८३च्या डिसेंबरमध्ये रस्त्यावर आली. १९८६ मध्ये तिचे रूप बदलले आणि २०१४च्या जानेवारीत तिचे उत्पादन थांबले. तीन सिलिंडरचे ७९६ सीसीचे इंजिन आणि बारा इंची चाके. नोकरदार, शिक्षक, छोटे दुकानदार अशा कितीतरी घरांची ती पहिली चारचाकी. हेच इंजिन ओम्नी व्हॅनमध्येही होते आणि ती व्हॅन २०१९ पर्यंत बनत होती. त्यामुळे तालुक्याच्या गावातही या इंजिनाचे सुटे भाग आणि ते ओळखणारे हात अजून सापडतात. जुनी गाडी ठेवायची की नाही, हे ठरवताना हा पहिला मुद्दा. भाग मिळत नसतील, तर प्रेम कितीही असो, गाडी अंगणातच उभी राहते.

आता रोजच्या देखभालीकडे येऊ. आठवड्यातून एकदा, सकाळी इंजिन थंड असताना, दहा मिनिटे बॉनेट उघडावे. गाडी सपाट जागेवर हवी. आधी ऑइलची पट्टी काढून पुसावी, पुन्हा घालून काढावी आणि ऑइल दोन खुणांच्या मध्ये आहे का ते बघावे. ऑइल काळे झालेले दिसले म्हणून घाबरू नये, ते इंजिनातली घाण धरून ठेवते. पण ते दुधाळ, चहासारखे दिसले तर त्यात पाणी मिसळते आहे. अशी गाडी चालवू नये. मग रेडिएटरच्या टाकीतली कूलंटची पातळी, ब्रेक ऑइलची पातळी, पट्ट्याला पडलेल्या भेगा आणि रबरी पाइप. पाइप दाबून पाहावेत. कडक, फुगलेले किंवा चिरलेले असतील तर बदलून घ्यावेत. या भागांची किंमत किरकोळ असते, पण ते फुटले की रस्त्यात जो खोळंबा होतो, त्याची किंमत मोठी असते.

पाण्याबद्दल थोडे अधिक सांगतो. आपल्याकडे अनेक भागांत बोअरचे पाणी जड. ते रेडिएटरमध्ये घातले की किटलीत धरतो तसा क्षार आत धरतो, बारीक नळ्या बुजतात आणि गाडी गरम व्हायला लागते. म्हणून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचे मिश्रणच वापरावे. दुसरी गोष्ट जिवाशी निगडित आहे. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते, म्हणून ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल झाले की दाब सुटतो, पाणी एकदम उकळते आणि तोंडावर येते.

चालत्या गाडीत तापमानाचा काटा वर चढू लागला आणि गाडीत हीटर असेल, तर तो पूर्ण सुरू करावा. उन्हाळ्यात हा सल्ला विचित्र वाटेल, पण हीटर इंजिनाचीच उष्णता आत खेचतो. तेवढ्या वेळात गाडी बाजूला घेता येते. मग इंजिन बंद करून अर्धा तास थांबावे.

गरम होण्यावरून एक उदाहरण देतो. आमच्या ओळखीचे एक निवृत्त मास्तर आहेत. पत्नीला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी जिल्ह्याच्या गावी न्यावे लागते. गाडी १९९७ची मारुती. ती गरम होऊ लागली, तशी एका गॅरेजने हेड गॅस्केट गेल्याचे सांगून इंजिन उघडण्याचा मोठा खर्च काढला आणि आठ दिवस लागतील म्हटले. मास्तरांकडे पैशांची अडचण होतीच, पण आठ दिवस मुळीच नव्हते. ते गाडी घेऊन आमच्या पेठेतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेले. मिस्त्रींनी इंजिन सुरू ठेवले आणि रेडिएटरजवळ उभे राहिले. काटा वर गेला, तरी पंखा फिरेना.

“मास्तर, इंजिन कशाला उघडता? पंखाच फिरत नाही,” ते म्हणाले.

“पण चाचा, मोठ्या गॅरेजवाले म्हणाले...”

“त्यांनी पंखा बघितला का?”

या गाडीचा पंखा विजेवर चालतो. पाणी ठराविक तापमानाला आले की एक स्विच त्याला चालू करतो. त्या स्विचची वायर निसटली होती. ती साफ करून घट्ट बसवली आणि काम झाले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार होता. कोणतीही दुरुस्ती स्वस्तातल्या आणि सोप्या शक्यतेपासून सुरू करावी: आधी फ्यूज, मग वायर, मग स्विच, मग पंखा आणि सगळ्यात शेवटी इंजिन. हा क्रम मालकाला माहीत असेल, तर गॅरेजमध्ये चार प्रश्न विचारता येतात.

गाडी सकाळी सुरू होत नाही, या तक्रारीचेही तसेच. किल्ली फिरवल्यावर नुसता टक टक आवाज आला किंवा दिवे मंदावले, तर बहुतेक वेळा बॅटरी उतरलेली असते किंवा तिची टोके खराब झालेली असतात. सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही, असे असेल तर पेट्रोल येत नाही किंवा प्लगला ठिणगी मिळत नाही. इंजिन सुरू होते, पण गाडी मिसिंग करते, ओढत नाही, तर तीन प्लग, त्यांच्या वायर आणि एअर फिल्टर यांपासून तपास सुरू करावा. २००० पूर्वीच्या गाड्यांत कार्ब्युरेटर आहे. तिथे कचरा अडकणे हे नेहमीचेच दुखणे. नंतरच्या एमपीएफआय गाड्यांत काम सेन्सरकडे जाते, तिथे मात्र अंदाजाने भाग बदलत बसू नये.

बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड जमते. ती काढणे हे घरी करण्याजोगे काम. आधी उणे चिन्हाची वायर सोडावी, मग अधिकची. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने टोके घासावीत, पुसून कोरडी करावीत. जोडताना आधी अधिक, शेवटी उणे. वरून थोडी पेट्रोलियम जेली लावावी. हा क्रम पाळायचे कारण असे, की गाडीचे सगळे लोखंड उणे टोकाला जोडलेले असते. उणे वायर जागेवर असताना अधिकच्या टोकावरचा पान्हा बॉडीला टेकला, तर मोठी ठिणगी उडते.

फ्यूजबद्दल एकच नियम. जितक्या अँपिअरचा गेला, तितक्याच अँपिअरचा बसवावा. वायरचा तुकडा किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावून काम भागवणारे पुष्कळ आहेत. फ्यूज स्वतः जळून वायर वाचवतो. त्याला जळू दिले नाही, तर वायर जळते आणि वायरबरोबर गाडी.

पेट्रोलच्या पाइपांकडे आता जास्त लक्ष द्यायला हवे. आपल्याकडे मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाड्यांचे रबर आणि गॅस्केट त्या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढते, त्यामुळे गाडी महिनोन्महिने उभी ठेवणे वाईट. पाइप जुने असतील तर इथेनॉल सोसणारे नवे घालावेत. गाडीत पेट्रोलचा वास आला, तर ‘जुनी गाडी आहे, यायचाच’ असे म्हणून सोडू नये. गळती सापडेपर्यंत गाडी सुरूच करू नये.

आता सगळ्यात महत्त्वाचे. या गाडीचे वजन साधारण साडेसहाशे किलो. एअरबॅग नाहीत, एबीएस नाही. अपघातात तिचा पत्रा फारसे रक्षण करू शकत नाही. म्हणून अपघात टाळणारे भाग, म्हणजे ब्रेक, टायर, स्टिअरिंग, दिवे आणि वायपर, यांत काटकसर नको. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषते. पाणी शोषलेले ऑइल घाटात सतत ब्रेक लावल्यावर आत उकळते, वाफ होते आणि पेडल खोल जाते. पातळी बरोबर दिसते, तरी ब्रेक लागत नाही. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे. त्या टाकीत चुकूनही इंजिन ऑइल घालू नये. आतले रबर फुगून ब्रेक निकामी होतात.

टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ असेल, तर तो टायर २०१९च्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. कमी चाललेल्या गाडीच्या टायरची नक्षी शाबूत दिसते, पण रबर म्हातारे झालेले असते. कडेला बारीक भेगा दिसल्या की तो बदलावा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर संपला. स्टेपनीचे वयही बघावे.

प्लग, फिल्टर, बल्ब, फ्यूज, वायपर, बॅटरीची टोके ही कामे घरी करावीत. ब्रेक उघडणे, टायमिंग बेल्ट बदलणे, स्टिअरिंगची जोडणी ही कामे जाणकारानेच करावीत. जुनी गाडी विकत घेतली असेल आणि टायमिंग बेल्ट कधी बदलला हे कोणी सांगू शकत नसेल, तर तो बदलूनच घ्यावा. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, एका मिनिटासाठीही, जाऊ नये.

पावसाळ्यापूर्वी दरवाजांच्या तळाशी असलेली बारीक भोके तारेने मोकळी करावीत. ती बुजली की पाणी आत साचते आणि पत्रा आतून गंजतो. कोकणात खारी हवा असते, तिथे गाडी खालूनही गोड्या पाण्याने धुवावी.

मग गाडी ठेवावी किती दिवस? एक साधी वही करावी. तारीख, किलोमीटर, काम, खर्च. वर्षाने बेरीज बोलते. त्यात सरकारी खर्चही धरावा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी ते शुल्क पाच हजार रुपये झाले आणि वीस वर्षांवरील मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार. शिवाय पर्यावरण कर, विमा, पीयूसी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होत असेल, तर वही ते सांगेल.

आणि एक गोष्ट वहीत येत नाही. मिस्त्रींना गाडी वर उचलायला सांगून खालचा पत्रा बघावा. चाके जिथे गाडीला धरलेली असतात, तिथला पत्रा गंजाने पोखरला असेल, पेचकस टेकवल्यावर आत जात असेल, तर इंजिन कितीही गोड चालत असले तरी त्या गाडीत घरच्या माणसांना बसवू नये. तिला मोडीत द्यावे. तिथला पत्रा खणखणीत असेल, ब्रेक नीट असतील आणि आठवड्याला दहा मिनिटे देण्याची तयारी असेल, तर मात्र शेजाऱ्याच्या गिऱ्हाइकाला खुशाल नाही म्हणावे.