कोळसा विकायचा की संपवायचा?

ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलँड राज्यात, हेल क्रीक नावाची एक अजस्र उघडी खाण आहे. २०१८ साली रिओ टिंटो या बड्या कंपनीने तिच्यातला आपला हिस्सा विकला, उरलेली दुसरी कोळसा खाणही विकली आणि या धंद्यातून अंग काढून घेतलं. खाण अर्थातच जागची हलली नाही. तो हिस्सा घेतला ग्लेनकोर या कंपनीने. पुढे नेदरलँड्समधल्या शास्त्रज्ञांनी उपग्रहाच्या नोंदी चाळल्या, तेव्हा याच खाणीवर मिथेनचे प्रचंड लोट दिसले. रिओ टिंटोची वही कोरी झाली, हवेला काडीचाही फरक पडला नाही.

ग्लेनकोरची भूमिका नेमकी या मुद्द्यावर उभी आहे. खाण विकली म्हणून कोळसा जमिनीत राहत नाही. नवा मालक कदाचित जास्तच उपसेल. तेव्हा आम्ही विकणार नाही, संपत जातील तशा खाणी बंद करू, असं ही कंपनी सांगते. २०१९च्या तुलनेत २०३५ अखेर उत्सर्जन निम्म्यावर आणि २०५०पर्यंत नेट झीरो, असा तिचा वायदा आहे. या हिशोबात गिऱ्हाइकाने जाळलेल्या कोळशाचा धूरही धरलेला आहे. हे महत्त्वाचं, कारण खरा धूर तिथेच होतो. खाणीतल्या डंपरच्या डिझेलचा वाटा त्यापुढे किरकोळ.

हे बोलणारा कोण, तेही पाहायला हवं. ग्लेनकोर मुळात व्यापारी पेढी. १९७४ मध्ये मार्क रिच या तेलाच्या व्यापाऱ्याने ती काढली. १९९४ मध्ये तिने आजचं नाव घेतलं. मुख्यालय स्वित्झर्लंडमधल्या बार या गावात. २०११ मध्ये लंडनच्या बाजारात शेअर आले, २०१३ मध्ये एक्सट्राटा ही खाण कंपनी पोटात घेतली आणि मग खाणींचा पसारा वाढला. २००२पासून २०२१पर्यंत कारभार पाहणारे इव्हान ग्लासेनबर्ग १९८४ मध्ये रुजू झाले ते कोळसा विभागातच. त्यांच्या जागी आलेले गॅरी नेगलही दक्षिण आफ्रिकेचेच आणि कोळशातच मुरलेले. अशा घराला कोळसा सोडायला सांगणं म्हणजे हलवायाला साखर सोड म्हणण्यासारखंच. तरीही २०१९ मध्ये गुंतवणूकदारांचा रेटा वाढला, तेव्हा कंपनीने वर्षाला साधारण १५ कोटी टनांवर उत्पादन जाऊ देणार नाही असं जाहीर केलं. सध्या ते त्या मर्यादेच्या बरंच खाली आहे.

कोलंबियातली सेरेहोन खाण या सगळ्या धोरणाची कसोटी म्हणून पाहण्यासारखी आहे. ला ग्वाहिरा हा कॅरिबियन समुद्रालगतचा रखरखीत मुलूख, वायू नावाच्या आदिवासींचा. खाणीतून निघालेला कोळसा सुमारे १५० किलोमीटरच्या खासगी रेल्वेने पुएर्तो बोलिव्हार बंदरात जातो. खाणीच्या वाटेत आलेलं ताबाको हे गाव २००१ मध्ये जमीनदोस्त झालं. ते पुन्हा वसवून द्या, असा आदेश पुढल्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दिला. ब्रुनो ओढ्याचा प्रवाह वळवण्यावरून २०१७ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने पुन्हा कान उपटले. पाण्याच्या थेंबासाठी झुरणाऱ्या मुलखात ओढा सरकवणं ही काही कागदावरची गोष्ट नव्हे.

या खाणीत बीएचपी, अँग्लो अमेरिकन आणि ग्लेनकोर यांचा तिसरा-तिसरा हिस्सा होता. पहिल्या दोघांना बाहेर पडायचं होतं. २०२१ मध्ये ग्लेनकोरने ५८ कोटी ८० लाख डॉलरना दोघांचेही हिस्से घेण्याचा करार केला. जानेवारी २०२२ मध्ये सौदा पुरा झाला. दीड महिन्यात युक्रेनचं युद्ध पेटलं. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल बंदराचा कोळसा टनाला ४०० डॉलरच्या वर गेला. त्या वर्षी ग्लेनकोरचा व्याज, कर, घसारा धरण्याआधीचा नफा ३४ अब्ज डॉलर झाला, त्यातला निम्म्याहून अधिक कोळशाचा. संयमाने खाणी सांभाळणाऱ्याला असं बक्षीस मिळत असेल, तर संयमाच्या हेतूविषयी शंका येणारच.

आणि शंका वाढावी असंच पुढे घडलं. २०२४ मध्ये कंपनीने कॅनडाच्या टेक कंपनीच्या पोलाद-कोळशाच्या खाणींत ७७ टक्के हिस्सा घेतला. भारतातल्या जेएसडब्ल्यूचाही या खाणींवर डोळा होता; रायगड जिल्ह्यातल्या डोलवीच्या पोलाद कारखान्याला असाच कोकिंग कोळसा बाहेरून आणावा लागतो. टेकचा सौदा होण्याआधी ग्लेनकोरचं म्हणणं होतं की, तो झाला की सगळा कोळसा वेगळ्या कंपनीत काढू. ऑगस्टमध्ये भागधारकांचा कौल जाहीर झाला. मत देणाऱ्यांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त जण म्हणाले, कोळसा घरातच राहू द्या. हवामानाच्या नावाने गळा काढणाऱ्या फंडांचंही डोकं लाभांशाच्या आकड्यापाशी आलं की थंड होतं, हे यातून दिसलं.

माझ्या मते ग्लेनकोरचा मुद्दा अर्धा खरा आहे. विकून हवा सुधारत नाही, कबूल. पण ठेवल्यानेही आपोआप सुधारत नाही. ठेवणाऱ्याने खाण खरोखर बंद केली तरच काही अर्थ. त्या दिशेने थोडं झालंय. डिसेंबर २०२२ मध्ये क्वीन्सलँडमधल्या व्हॅलेरिया या नव्या खाणीचा बेत सोडून दिला. २०२३ मध्ये न्यू साउथ वेल्समधली लिडेल खाण बंद केली. अशा खाणीत खरं काम त्यानंतर सुरू होतं: उपसून टाकलेल्या मातीचे डोंगर बुलडोझरने उतरते करायचे, उतारांवर पाणी वाहायच्या वाटा काढायच्या, वर सुपीक मातीचा थर पसरून बी पेरायचं. चंद्रपूर-वणीकडे वाटेत मातीचे ढिगारे पाहणाऱ्या कुणालाही हे काम किती खर्चाचं आणि किती सहज टाळता येण्यासारखं आहे, ते सांगायला नको.

सेरेहोनचं उत्पादनही २०२५ मध्ये कमी केलं, १ कोटी १० लाख ते १ कोटी ६० लाख टनांपर्यंत. कारण हवामान नव्हतं, पडलेला भाव होता. भाव चढला की ते पुन्हा वाढवता येईल. खाणपट्ट्याची मुदत २०३४पर्यंत आहे. त्यानंतर खड्डे, ओढा आणि रेल्वेच्या कडेची गावं यांचा खर्च कुणी उचलायचा, याची बोलणी सरकार आणि वायू पंचांशी आतापासून झाली, तर कंपनीच्या २०३५च्या वायद्याला काही वजन येईल.