भारतीय हवाई दलातील कॅनबेरा विमाने

कॅनबेरा हे ब्रिटनमधील इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीने तयार केलेले दोन जेट इंजिनांचे बाँबफेकी विमान होय. भारतीय हवाई दलात ते १९५७ पासून ११ मे २००७ पर्यंत, म्हणजे सुमारे पन्नास वर्षे सेवेत होते. बाँबफेक, खोल प्रदेशातील हल्ले, छायाचित्रणाद्वारे टेहळणी, वैमानिकांचे प्रशिक्षण आणि तोफखान्याच्या सरावासाठी लक्ष्य ओढून नेणे अशी अनेक कामे या ताफ्याने केली. काँगो, गोवा, १९६५ आणि १९७१ ची युद्धे तसेच कारगिल संघर्ष यांत त्याचा सहभाग होता.

पार्श्वभूमी

स्वतंत्र भारताची पहिली बाँबफेकी विमाने भंगारातून उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर कानपूर येथे मोडीत काढून ठेवलेली अमेरिकी बनावटीची लिबरेटर विमाने हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या तंत्रज्ञांनी एकेक करून दुरुस्त केली आणि त्यांच्या बळावर १९४८ मध्ये पाचव्या क्रमांकाची स्क्वॉड्रन स्थापन झाली. चार पंख्यांची ही अवजड विमाने जेटयुगात फार काळ पुरणारी नव्हती. त्यातच १९५४ नंतर पाकिस्तानला अमेरिकेकडून लष्करी मदत मिळू लागली. भारताने सोव्हिएत इल्यूशिन-२८ या विमानाचाही विचार केला होता. परंतु अखेरीस १९५७ च्या आरंभी कॅनबेराची निवड झाली. पहिल्या मागणीत बाँबफेकी व हल्ल्याची बी(आय)५८ जातीची ५४, टेहळणीची पीआर ५७ जातीची ८ आणि प्रशिक्षणाची टी ४ जातीची ६ विमाने होती. पुढील काही वर्षांत आणखी विमाने घेण्यात आली आणि ताफ्याची एकूण संख्या शंभरावर गेली. १९७० मध्ये न्यूझीलंडच्या हवाई दलाने वापरलेली काही कॅनबेरा विमानेही विकत घेण्यात आली. हा ताफा प्रामुख्याने आग्रा आणि पुण्याजवळील लोहगाव या तळांवर होता.

रचना

कॅनबेराचे पहिले उड्डाण १३ मे १९४९ रोजी झाले. रुंद पंख आणि रोल्स-रॉइस कंपनीची दोन एव्हॉन इंजिने यांमुळे ते सुमारे ४८,००० फूट उंचीवर उडू शकत असे. त्या काळातील बहुतेक लढाऊ विमानांना ही उंची गाठणे अवघड होते, आणि हेच त्याचे मुख्य संरक्षण होते. मूळ बाँबफेकी विमानावर स्वसंरक्षणासाठी तोफाही बसविलेल्या नव्हत्या.

भारताने घेतलेली बी(आय)५८ ही जात मात्र वेगळ्या कामासाठी होती. रात्री, कमी उंचीवरून शत्रूच्या प्रदेशात शिरून धावपट्ट्या, रेल्वेमार्ग आणि वाहनांचे तांडे यांवर हल्ला करणे हे तिचे उद्दिष्ट होते. तिच्या पोटाखाली २० मिलिमीटरच्या चार तोफांचा संच बसविता येत असे. वैमानिकासाठी लढाऊ विमानासारखा पारदर्शक घुमट डाव्या बाजूला होता. नॅव्हिगेटर, म्हणजे मार्ग काढणारा व बाँब सोडणारा अधिकारी, त्याच्या पुढे खालच्या बाजूस, विमानाच्या नाकात बसे. बाँब सोडताना त्याला पालथे पडून काचेतून लक्ष्य पाहावे लागे.

या मांडणीतील एक उणीव दूर झालीच नाही. वैमानिकाला इजेक्शन आसन, म्हणजे संकटसमयी त्याला विमानाबाहेर फेकणारे आसन होते. नॅव्हिगेटरला ते नव्हते. विमान सोडण्याची वेळ आल्यास त्याला जागेवरून उठून, बाजूच्या दारापर्यंत पोहोचून, हवाई छत्रीनिशी उडी टाकावी लागे. कमी उंचीवर किंवा गरगरत कोसळणाऱ्या विमानात हे जवळजवळ अशक्य होते. कॅनबेराच्या मोहिमांविषयीच्या लिखाणात वैमानिकांची नावे अधिक येतात. अंधारात त्यांना लक्ष्यापर्यंत नेणारा हा दुसरा माणूस बहुधा मागे राहतो.

पहिली हानी

टेहळणीच्या पीआर ५७ विमानांसाठी १०६ क्रमांकाची स्क्वॉड्रन होती. या विमानांत बाँबच्या जागी कॅमेरे असत. १० एप्रिल १९५९ रोजी, ईदच्या दिवशी, असे एक विमान पाकिस्तानी हद्दीत रावळपिंडीच्या परिसरात सेबर जातीच्या लढाऊ विमानाने पाडले. पाकिस्तानी हवाई दल हा आपला पहिला हवाई विजय मानते. स्क्वॉड्रन लीडर जे. सी. सेनगुप्ता आणि फ्लाइट लेफ्टनंट एस. एन. रामपाल हे दोघेही इजेक्शन आसनांमुळे वाचले. त्यांना नंतर भारताच्या स्वाधीन करण्यात आले. पीआर ५७ मध्ये नॅव्हिगेटरलाही असे आसन होते, ही बाब येथे लक्षात घेण्याजोगी आहे. उंची हे पुरेसे संरक्षण आहे हा समज मात्र या घटनेने डळमळीत केला.

काँगो आणि गोवा, डिसेंबर १९६१

काँगोपासून फुटून निघालेल्या कटांगा प्रांताविरुद्धच्या कारवाईत संयुक्त राष्ट्रांच्या फौजांना हवाई पाठबळाची गरज भासली. त्यासाठी पाचव्या स्क्वॉड्रनची सहा कॅनबेरा विमाने विंग कमांडर ए. आय. के. सुआरिस यांच्या नेतृत्वाखाली आफ्रिकेत गेली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी कोल्वेझीच्या विमानतळावर हल्ला करून कटांगाची विमाने जमिनीवरच नष्ट केली. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनशी युद्ध सुरू झाल्यानंतर ही तुकडी मायदेशी परत आणण्यात आली.

कोल्वेझीनंतर दोन आठवड्यांच्या आत याच ताफ्याला दुसरी कामगिरी मिळाली. गोवामुक्तीच्या 'ऑपरेशन विजय' मोहिमेची हवाई बाजू एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे होती आणि कॅनबेरांसाठी पुण्याचा तळ मुख्य होता. १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली बारा कॅनबेरा दाबोळीवर पोहोचल्या आणि काही मिनिटांत धावपट्टीवर ६३,००० पौंड वजनाचे बाँब टाकण्यात आले. विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्या नेतृत्वाखाली आठ विमानांनी दुसरा हल्ला केला. त्याच दिवशी हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र उद्ध्वस्त केले.

धावपट्टी उखडायची, पण विमानतळाच्या इमारतींना धक्का लावायचा नाही, असा स्पष्ट आदेश होता आणि तो पाळला गेला. तेथे उभी असलेली दोन पोर्तुगीज प्रवासी विमानेही त्यामुळे सुरक्षित राहिली. रात्री कामगारांनी धावपट्टीचा काही भाग घाईने वापरण्याजोगा केला आणि ही दोन्ही विमाने काही अधिकाऱ्यांच्या कुटुंबीयांना घेऊन अंधारात निसटली. एवढ्या बाँबवर्षावानंतरही धावपट्टी पूर्णपणे बंद करणे किती अवघड असते, याचे हे ठळक उदाहरण आहे. आज गोव्यात विमानाने उतरणाऱ्या प्रवाशांपैकी अनेक जण याच दाबोळीच्या विमानतळावर उतरतात.

१९६२ : छायाचित्रे आणि न वापरलेले हवाई दल

चीनविरुद्धच्या युद्धात भारताने हवाई दलाचा आक्रमणासाठी उपयोग केला नाही. बाँबफेकी कॅनबेरा तळांवरच उभ्या राहिल्या. मात्र १०६ स्क्वॉड्रनची निःशस्त्र विमाने युद्धापूर्वीच अक्साई चीन आणि तिबेटच्या आकाशात जाऊन छायाचित्रे घेत होती. या धोकादायक मोहिमांसाठी स्क्वॉड्रन लीडर जगमोहन नाथ यांना महावीर चक्र मिळाले. चिनी सैन्याची मोठी जमवाजमव आपण पाहिली व वरिष्ठांना कळविली होती, असे त्यांनी उत्तरायुष्यात मुलाखतींतून सांगितले. हवाई दल का वापरले नाही या प्रश्नावर आजही वाद चालतो. परंतु माहितीच मिळाली नव्हती असे म्हणताना या उड्डाणांची नोंद विसरता येत नाही.

१९६५ चे युद्ध

या युद्धात एक विलक्षण स्थिती निर्माण झाली. अमेरिकेत मार्टिन कंपनीने परवान्याखाली बनविलेले कॅनबेराचेच रूप, बी-५७, पाकिस्तानकडे होते. परिणामी रात्रीच्या अंधारात एकाच विमानाची दोन भावंडे एकमेकांच्या तळांवर बाँब टाकत होती. बी-५७ मध्ये दोन्ही अधिकारी एकामागे एक बसत आणि दोघांनाही इजेक्शन आसने होती.

७ सप्टेंबर रोजी पूर्व पाकिस्तानातून आलेल्या सेबर विमानांनी पश्चिम बंगालमधील कलाईकुंडा तळावर हल्ला केला आणि तेथे उघड्यावर उभ्या असलेल्या काही कॅनबेरा जळून गेल्या. पश्चिम आघाडीवर मात्र कॅनबेरांनी रात्रीमागून रात्री उड्डाणे करून सरगोधा व पेशावरपर्यंतचे तळ लक्ष्य केले. पेशावरच्या हल्ल्यात लक्ष्याची खूण करण्याच्या कामगिरीसह इतर मोहिमांसाठी विंग कमांडर प्रेम पाल सिंग यांना महावीर चक्र देण्यात आले. जगमोहन नाथ यांनी दिवसाढवळ्या, संरक्षक विमानांशिवाय शत्रूप्रदेशाची छायाचित्रे घेतली आणि दुसऱ्यांदा महावीर चक्र मिळविले. हा सन्मान दोनदा मिळविणारे ते पहिले अधिकारी होत.

२१ सप्टेंबर हा दिवस ताफ्याच्या इतिहासात दोन कारणांनी नोंदला गेला. दिवसा सोळाव्या स्क्वॉड्रनने अतिशय कमी उंचीवरून जाऊन सिंधमधील बदीन येथील रडार केंद्रावर हल्ला केला. त्याआधी, त्याच दिवशी पहाटेपूर्वीच्या अंधारात, कामगिरीवरून परतणारी एक कॅनबेरा पाकिस्तानी स्टारफायटर विमानाने क्षेपणास्त्र सोडून पाडली होती. वैमानिक इजेक्शन आसनाच्या साहाय्याने बाहेर पडला आणि युद्धकैदी झाला. नॅव्हिगेटर विमानासोबत गेला.

१९७१ आणि नंतर

३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानने भारतीय तळांवर हल्ले केल्यानंतर त्याच रात्री कॅनबेरांनी पश्चिम पाकिस्तानातील तळांवर प्रत्युत्तर दिले. या युद्धातही त्यांचा वापर मुख्यतः रात्रीच झाला. रडार आणि क्षेपणास्त्रे यांची प्रगती पाहता दिवसा एवढे मोठे व तुलनेने संथ विमान पाठविणे परवडणारे नव्हते.

१९७९ पासून जॅग्वार विमाने दाखल होऊ लागली. पाचव्या व सोळाव्या स्क्वॉड्रनने ती स्वीकारली आणि खोल प्रदेशात हल्ला करण्याचे काम कॅनबेराकडून जॅग्वारकडे गेले. उरलेल्या कॅनबेरांना दुय्यम समजली जाणारी कामे मिळाली : शत्रूच्या रडारमध्ये व्यत्यय आणणे, लक्ष्य ओढून नेणे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे छायाचित्रण. बाँबफेकीसाठी विकत घेतलेला हा ताफा आयुष्याच्या उत्तरार्धात कॅमेऱ्यासाठी टिकून राहिला.

कारगिल

२१ मे १९९९ रोजी, म्हणजे हवाई दलाची 'ऑपरेशन सफेद सागर' ही मोहीम सुरू होण्याच्या पाच दिवस आधी, १०६ स्क्वॉड्रनचे एक विमान कारगिलच्या उंच पर्वतरांगांवर छायाचित्रे घेण्यास गेले. डोंगर एवढे उंच होते की समुद्रसपाटीपासून मोजलेली विमानाची उंची मोठी असली, तरी जमिनीपासूनचे अंतर फारच थोडे होते. खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राने त्याच्या एका इंजिनाला तडाखा दिला. वैमानिक पेरुमल आणि नॅव्हिगेटर झा यांनी उरलेल्या एका इंजिनावर विमान श्रीनगरला सुखरूप उतरविले. या संघर्षात शत्रूच्या क्षेपणास्त्राचा फटका बसलेले ते पहिले भारतीय विमान होते. घुसखोरांजवळ कोणती शस्त्रे आहेत, याची हवाई दलाला या घटनेने प्रत्यक्ष जाणीव झाली.

सेवासमाप्ती

ब्रिटिश हवाई दलाने आपली अखेरची कॅनबेरा २००६ मध्ये निवृत्त केली. त्यानंतर जवळपास वर्षभराने, ११ मे २००७ रोजी, आग्रा येथे भारतीय कॅनबेरांना निरोप देण्यात आला. त्या दिवशी उडालेल्या विमानांच्या रचनेला अठ्ठावन्न वर्षे होत आली होती. अमेरिकेत बनलेल्या कॅनबेरांपैकी काही विमाने त्यानंतरही नासा या संस्थेने अत्युच्च उंचीवरील वैज्ञानिक निरीक्षणांसाठी उडती ठेवली.