नकाशाची कोरी बाजू

भूगोलाच्या अध्यापनात पाठांतराला दोष देण्याची आपल्याकडे रीत आहे. नकाशाच्या रचनेकडे मात्र क्वचितच कोणी पाहते. यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगीचेच उदाहरण घ्या. जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून पैनगंगा वाहते; पलीकडे नांदेड जिल्ह्यातील माहूर. जिल्ह्याचा रूढ नकाशा नदीपाशीच संपतो. पुढे कोरा कागद! साहजिकच नदी म्हणजे हद्द, एवढेच मुलांच्या मनावर ठसते. दोन्ही काठांचे पाणी घेऊन वर्धेला मिळणारे तिचे खोरे दिसतच नाही.

रंगांचेही तसेच. प्राकृतिक नकाशात हिरवा रंग सखल प्रदेशाचा, तपकिरी उंचीचा. विद्यार्थी हिरवा म्हणजे जंगल समजतो. मग पिवळ्या-तपकिरी छटांतले सागवानी डोंगर त्याला उजाड वाटले, तर दोष कुणाचा? मर्केटरच्या १५६९ च्या, खलाशांसाठी रचलेल्या पद्धतीत ग्रीनलंड आफ्रिकेएवढे भासते. वस्तुतः आफ्रिका त्याच्या सुमारे १४ पट आहे.

उपाय खर्चिक नाहीत. शेजारचा प्रदेश फिक्या छटेत दाखवावा, सूची ठळक छापावी आणि गावाचा नकाशा मुलांकडूनच काढून घ्यावा. पूर जिल्ह्याची हद्द पाहून येत नाही. नदीकाठच्या मुलांना तरी खोरे कळलेच पाहिजे.