हॉटेलातली बेबी चेअर आणि लेकराचे हात

दसऱ्याला दीक्षाभूमीला किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीला निघालेल्या गाड्यांत कडेवरची लेकरे असतातच. आपल्या जिल्ह्यातल्या कारंजा, मंगरुळपीर, मालेगाव या तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला, तसा भाड्याची गाडी करून सगळ्या कुटुंबाने जाणेही सोपे झाले. जाताना नाही तर येताना, एक जेवण बाहेर होतेच. धाब्यावर बाळ मांडीवर बसते. थोड्या मोठ्या हॉटेलात मात्र वेटर कोपऱ्यातून एक उंच खुर्ची ओढत आणतो. तिला समोर छोटा ट्रे असतो, कमरेला पट्टा असतो. आईचे दोन्ही हात मोकळे होतात आणि तिला गरम जेवण मिळते. ही सोय चांगलीच आहे, ती नाकारण्याचे कारण नाही.

पण बाळाला बसवण्याआधी त्या ट्रेच्या खालच्या कडेवरून एकदा बोट फिरवून पाहा. वाळलेले वरण, भाताची शिते, काहीतरी चिकट. आपण सांगितले की वेटर खांद्यावरचे ओले फडके मारतो. तेच फडके आधी चार टेबलांवर फिरलेले असते. त्याने खुर्ची चमकते, पण एका टेबलावरचे जंतू दुसऱ्या जागी जातात एवढेच. दिवसभर ओले राहिलेले फडके ही जंतू वाढायला उत्तम जागा.

मोठा माणूस खुर्चीत बसतो, बाळ खुर्ची चाटते. सहा महिन्यांपासून दोन-अडीच वर्षांपर्यंत हात, ट्रे आणि तोंड हा एकच रस्ता असतो. लहान मुलांत जुलाब घडवणारे रोटाव्हायरस आणि नोरोव्हायरस हे विषाणू विष्ठेतून बाहेर पडतात, कोरड्या पृष्ठभागावर कित्येक दिवस टिकतात, आणि अगदी थोडे पोटात गेले तरी पुरतात. आधीच्या बाळाची लंगोटी किंवा डायपर गळाला असेल तर ते बैठकीवर आणि पट्ट्यावर असू शकतात. म्हणून एक गोष्ट आपणही पाळावी : बाळाचा डायपर जेवणाच्या टेबलावर किंवा खुर्चीत बदलू नये. पुढचे लेकरू तिथेच जेवणार आहे.

पुष्कळ जण सॅनिटायझरची बाटली काढतात. वरणभाताने माखलेल्या हातावर ते नीट काम करत नाही, आणि नोरोव्हायरसवर तर त्याचा भरवसा कमीच. साबण-पाणी बरे. घरून निघताना डबीत साबणाचा तुकडा, पाण्याची एक जादा बाटली आणि दोन-तीन स्वच्छ सुती फडकी घ्यावीत. एका फडक्याला साबण लावून आधी ट्रे पुसावा, मग हात टेकायच्या कडा, मग पट्टा, शेवटी बैठक. क्रम उलटा केला तर बैठकीची घाण ट्रेवर येते. मग दुसऱ्या ओल्या फडक्याने साबण काढावा. फिनाईल किंवा जंतुनाशक द्रव ट्रेवर ओतू नये, ते बाळाच्या पोटात जाईल. एवढे करूनही घास थेट ट्रेवर ठेवू नये, घरची ताटली ठेवावी. आणि जेवणाच्या अगदी आधी बाळाचे आणि भरवणाऱ्याचे हात साबणाने निदान २० सेकंद चोळून धुवावेत. खुर्ची पुसायला वेळ नसेल तर एक वेळ राहू द्या, पण हात धुणे सोडू नका.

पट्टा कळकट दिसला म्हणून न बांधता बाळाला बसवणे हे घाणीपेक्षा धोक्याचे. तेवढ्या उंचीवरून पडले तर डोक्याला मार लागतो. पट्टा तुटका असेल किंवा खुर्ची डुगडुगत असेल तर आपली मांडीच बरी.

खुर्ची स्वच्छ करून मागायला आपल्यातली पुष्कळ माणसे संकोचतात. ज्यांच्या आजोबांना हॉटेलाबाहेर वेगळ्या कपात चहा मिळाला, त्यांच्या घरात हा संकोच मुरलेला असणे समजण्यासारखे आहे. पण अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ प्रमाणे स्वच्छता ठेवणे ही हॉटेलचालकाची जबाबदारी आहे, उपकार नव्हे. सरळ मागावे. फडके मारणाऱ्या पोरावर मात्र डाफरू नये. त्याला दुसरे फडके कोणी दिलेलेच नसते. गल्ल्यावरच्या मालकाला सांगावे, आणि तो ऐकत नसेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

प्रवासाहून आल्यावर एक-दोन दिवसांत बाळाला पातळ जुलाब लागले तर खुर्चीला दोष देत बसण्यापेक्षा ओआरएस सुरू करावे. एक लिटरचे पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच मिसळावे, अर्धे-अर्धे करू नये. दोन वर्षांखालील बाळाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा कप, चमच्याने थोडे थोडे पाजावे. अंगावरचे दूध चालूच ठेवावे. झिंकच्या गोळ्या आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात मिळतात. जुलाब थांबले तरी त्या १४ दिवस द्यायच्या असतात. शौचात रक्त, खोल गेलेले डोळे, सारखी उलटी, बाळ मलूल होऊन काहीच न पिणे, यातले एक जरी दिसले तरी रात्र असली तरी दवाखाना गाठावा.

घरात तान्हे बाळ असेल तर त्याचे लसीकरण कार्ड आजच काढून पाहा. रोटाव्हायरसची तोंडावाटे द्यायची लस ६, १० आणि १४ आठवड्यांना सरकारी केंद्रात मोफत मिळते.