पिंप भरलेलं, पण डास नको

वर्षावासातल्या एका रविवारी वंदना झाल्यावर डेंग्यूचा विषय निघाला. मागं बसलेल्या आजी म्हणाल्या, "ताई, पाणातिपाता वेरमणी म्हणायचं आणि घरी जाऊन डास मारायचे, हे कसं?" काही जणी हसल्या. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी त्याचा उलगडा केला आहे: मारण्याची इच्छा वेगळी आणि मारण्याची गरज वेगळी. तरी आजींच्या मनासारखा मार्गही आहे. डास होऊच द्यायचा नाही.

सावित्रीबाई प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी याच पुण्यात गेल्या. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे पोल-लुई सिमाँ या डॉक्टरांनी दाखवलं १८९८ मध्ये. सावित्रीबाईंना शत्रू कोण हे ठाऊकच नव्हतं. आपल्याला डासाची चावायची वेळसुद्धा ठाऊक आहे.

आंबिल ओढ्याकाठी रात्री कानाशी गुणगुणतो तो डास वेगळा, घाण पाण्यातला. डेंग्यू, चिकुनगुनिया, झिका पसरवणारा एडीस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. त्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात आणि तो दिवसा चावतो, सकाळी आणि दिवस मावळण्याआधी जास्त. दांडेकर पुलाकडून सदाशिव पेठेत धुणीभांडी करायला जाणाऱ्या आपल्या बायकांना तो वस्तीत चावेल, नाहीतर कामाच्या घरी. तिथं तो गॅलरीतल्या कुंडीखालच्या ताटलीत वाढलेला असेल. २०२४ च्या जूनमध्ये शहरात झिकाचे रुग्ण आधी सापडले ते एरंडवण्यात. तेव्हा "वस्तीमुळं रोगराई" असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

"पाणी साठवू नका" असं सांगणाऱ्याच्या घरी बहुधा चोवीस तास नळ असतो. आपल्याला पिंप भरावंच लागतं. मग ते झाकायचं कसं, हे महत्त्वाचं. नुसतं झाकण ठेवलं तर फटीतून डास आत जातो. जुन्या सुती साडीची दुहेरी घडी तोंडावर ताणून दोरीनं घट्ट बांधा. भिक्खूही पाणी गाळायचं फडकं, परिस्सावन, जवळ बाळगत. पाण्यातला जीव पोटात जाऊ नये म्हणून.

अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातला एक वार ठरवून भांडी रिकामी करायची. पण नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. काथ्यानं घासूनच काढावी लागतात. पत्र्यावर वजनाला ठेवलेल्या टायरमध्ये आणि ताडपत्रीच्या खोलगट भागात पाणी साचतं, तिकडं कुणाचं लक्ष जात नाही. टायरच्या जागी विटा ठेवा. फ्रिजमागचा ट्रे बघा, आणि विहारातल्या फुलदाण्याही. धुराची गाडी येऊन गेली की आपण निर्धास्त होतो. धुरानं उडते डास मरतात, पिंपातल्या अळ्या नाही.

ताप आलाच तर पॅरासिटामॉलशिवाय दुसरी गोळी मनानं घेऊ नका. ॲस्पिरिन, आयब्रुफेन, डायक्लोफिनॅक यांनी रक्तस्राव वाढू शकतो. रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा, म्हणजे त्याला चावलेला डास घरातल्या दुसऱ्याला चावणार नाही. गरोदर बाईला ताप आला तर थांबूच नका; झिका पोटातल्या बाळाच्या मेंदूला इजा करतो.

डेंग्यूत खरा धोका बऱ्याचदा ताप उतरताना असतो, तिसऱ्या ते सातव्या दिवसात. नेमकं तेव्हाच "बरं वाटतंय" म्हणून बाई कामावर जाते. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, लघवी कमी होणं, गळून जाणं, यातलं एक जरी दिसलं तरी लगेच रुग्णालय गाठा. मालकिणीला निरोप वाटेतून द्या.