भांगेचा पेला आणि पोटातलं बाळ

चंदीगडहून अंबाल्याकडे निघालं की लगेच झिरकपूर लागतं. आज तिथे उंच इमारती आणि लग्नाच्या हॉलची गर्दी आहे. पण या परिसरातल्या मोकळ्या प्लॉटवर, नाल्याच्या कडेला एक झुडूप कुणीही न लावता माजतं. पानं पंजासारखी, वास उग्र. हीच भांग. शिवालिकच्या पायथ्याशी ती गाजरगवतासारखी उगवते, म्हणून तिचं कुणाला भय वाटत नाही.

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? महाशिवरात्रीला, होळीला थंडाईत भांग घोटली जाते. ‘देवाचा प्रसाद आहे, घोटभर घे,’ असा आग्रह नव्या सुनेलाही होतो. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजाच्या व्याख्येतून नुसती पानं वगळली आहेत. सरकारने वगळलं म्हणजे ते निरुपद्रवी, असा सोयीस्कर अर्थ लोक काढतात. पण पेला हातात घेणारी गरोदर असेल तर?

माणसांमध्ये हे तपासणं कठीण. कॅनडात ओटावा येथे पीटर फ्राइड यांनी १९७८ पासून गर्भवतींचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अनेक वर्षं मागोवा घेतला. गांजा ओढणाऱ्या मातांच्या काही मुलांत मोठेपणी लक्ष एकाग्र करण्यात उणिवा दिसल्या. पण अशा स्त्रिया पुष्कळदा सिगारेटही ओढतात. मग दोष कुणाचा? उंदरांच्या बाबतीत ही अडचण नसते. खाणं तेच, पिंजरा तोच, फरक फक्त औषधाचा ठेवता येतो.

इटलीतील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग बोलका आहे. भांगेतला नशा आणणारा घटक, म्हणजे टीएचसी, त्यांनी गाभण माद्यांना तोंडावाटे दिला. गर्भारपणाच्या १५ व्या दिवसापासून पिल्लं ९ दिवसांची होईपर्यंत. १२ दिवसांची पिल्लं आईपासून दूर केल्यावर इतर पिल्लांपेक्षा जास्त ओरडली. हे ओरडणं माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही, त्यासाठी खास यंत्र लागतं. ३५ दिवसांची, म्हणजे ऐन हुंदडायच्या वयाची झाल्यावर ती सोबत्यांशी कमी खेळली. ८० व्या दिवशी त्यांना उंचावरच्या, अधिक चिन्हासारख्या मार्गावर सोडलं. त्याच्या दोन फांद्यांना भिंती, दोन उघड्या. बिचकणारा उंदीर भिंतीआड राहतो. ही पिल्लं मोठेपणीही तशी बिचकत राहिली. औषध तर केव्हाच बंद झालं होतं!

काग्लियारी विद्यापीठातील मिरियम मेलिस आणि सहकाऱ्यांना २०१९ मध्ये आणखी एक गोष्ट दिसली. गर्भात टीएचसी मिळालेले नर वरवर ठीकठाक वाटत, पण त्यांच्या मेंदूतल्या डोपामाइनच्या पेशी अधिक उत्तेजित होत्या. पुढे लहान वयातच टीएचसी दिल्यावर त्यांच्यावर त्याचा परिणाम जास्त झाला.

असं का व्हावं? आपलं शरीरही भांगेसारखी द्रव्यं तयार करतं. त्यातलं एक १९९२ मध्ये सापडलं आणि त्याचं नाव चक्क आपल्या ‘आनंद’ या शब्दावरून ‘आनंदामाइड’ ठेवलं गेलं. गर्भात मेंदूच्या पेशींची जोडणी होताना ही द्रव्यं वाट दाखवतात. बाहेरून आलेलं टीएचसी वार ओलांडून तिथे पोहोचतं आणि त्या कामात लुडबूड करतं.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरंच. एखाद्या घोटाने बाळ बिघडलंच, असं समजून कुणी रडत बसू नये. डॉक्टरांना मात्र स्पष्ट सांगावं. उलट्या थांबाव्यात म्हणून भांग घेण्याचा सल्लाही मानू नये. असे सल्लागार परदेशातही आहेत. अमेरिकेतील कोलोरॅडोत ४०० गांजाविक्री केंद्रांना गर्भवती असल्याचं भासवून फोन केले गेले, तेव्हा सुमारे ६९ टक्के केंद्रांनी मळमळीवर गांजाच सुचवला. हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं.

बाळंतपणानंतरही सुटका नाही. टीएचसी चरबीत साठतं आणि आईच्या दुधात सहा दिवसांपर्यंत आढळलं आहे. म्हणून होळीला बदाम, बडीशेप, खसखस, गुलाबपाकळ्यांची थंडाई वाटून झाली की भांग मिसळण्याआधीच सुनेचा, लेकीचा पेला वेगळा काढून ठेवावा.