कातडीचा कॅन्सर : उपचार चालू असताना मोबाईलचा फोटो काय सांगतो, काय नाही

तळपायावर वाढत जाणारा काळा डाग, भाजल्याच्या जुन्या व्रणावर पुन्हा चिघळलेली जखम, परकराची नाडी काचून कमरेला पडलेली आणि भरतच नसलेली जखम. हे सगळं कातडीचा कॅन्सरही असू शकतं. नाडीच्या काचण्यातून कॅन्सर झालेल्या दोन महिलांची माहिती वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केली होती.

तुकडा तपासून निदान होतं, उपचार सुरू होतात. पण दवाखान्याची पुढची तारीख महिन्या-दोन महिन्यांनी. मधल्या काळात जखम भरतेय की वाढतेय, हे बघायचं कसं?

इथे एआयची स्वस्त साधनं कामाला येऊ शकतात. मोबाईलच्या फोटोत एआय जखमेची कड आखतं, आकार मोजतं आणि मागच्या फोटोशी ताडून बघतं.

पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, फोटोला फक्त वरचं दिसतं. लव्हाळा वरून खुरपला तरी गाठ मातीत राहतेच, तसंच हे.

दोन, काही मलमांनी किंवा रेडिएशनने जखम आधी लाल होते, खपली धरते. औषध लागू पडत असतानाही ती बिघडल्यासारखी दिसते.

तीन, बरीचशी एआय गोऱ्या कातडीच्या फोटोंवर शिकलेली आहेत. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये ६५६ फोटोंवर तपासलं, तेव्हा सावळ्या कातडीवर त्यांच्या चुका जास्त निघाल्या.

फोटो असा काढा :

• आठवड्याला एकदा, त्याच जागी, दिवसाच्या उजेडात पण सावलीत. फ्लॅश आणि ब्युटी मोड बंद.
• जखमेशेजारी शाळेची पट्टी धरा, जखमेला टेकवू नका.
• एक फोटो जवळून, एक लांबून. तारीख लिहून ठेवा.
• डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे फोटो पुसट होत नाही. गावच्या ग्रुपवर मात्र टाकू नका.

रक्त येऊ लागलं, नवी गाठ आली, काखेत किंवा जांघेत सूज जाणवली, तर फोटो काढत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा.

आणि अ‍ॅपने 'ठीक आहे' म्हटलं म्हणून डॉक्टरांची तारीख चुकवू नका.